रबाळे ते वागळे: बॅकअप निवडीच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

कारखान्यासाठी बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडायचं हे काम कशामुळे सुरू झालं ते आधी लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी खर्चाचा विषय निघाला की नेमकं तेच कुणाला आठवत नाही.

शुक्रवारी स्टोअरच्या काकांनी मे महिन्याचा वजनकाट्याचा हिशोब मागितला. डेटाबेस उघडेना. मी निर्धास्त होतो, कारण रोज रात्री नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या खोक्यावर, कॉपी जाते आणि रोज सकाळी "बॅकअप पूर्ण" असा मेल येतो. नॅसवर पाहिलं तर त्या फोल्डरमधली मुख्य फाइल ११ फेब्रुवारीची निघाली. रोबोकॉपीचा, म्हणजे विंडोजच्या कॉपी करायच्या प्रोग्रामचा, लॉग उघडला. रोज रात्री त्याच फाइलवर एरर ३२: दुसऱ्या प्रोग्रामने फाइल धरून ठेवलीय, म्हणून सोडून पुढे. फेब्रुवारीत काट्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि तेव्हापासून त्याची सर्व्हिस रात्रीही चालू राहते. रोज रात्री हे सगळं चालवणाऱ्या बॅच फाइलमध्ये मेल पाठवायची ओळ अगदी शेवटी आहे आणि कॉपीचा निकाल काय लागला ते ती बघतच नाही. चार महिने खोटा मेल येत होता. ती बॅच फाइल माझी.

शनिवार-रविवार काका, गेटवरचे दोघे आणि मी कागदी पावत्यांवरून नोंदी भरत बसलो. मे झाला. मार्च-एप्रिल बाकी आहे.

आज साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "जे घ्यायचं ते घे, पण तीन महिन्यांत मला डेटा परत आणून दाखव." वहीच्या पहिल्या पानावर "परत आणून दाखव" एवढंच लिहिलंय.

१८ जून, बुधवार

यंत्रांची यादी. रबाळ्याच्या कारखान्यात दोन हायपर-व्ही होस्ट (एका खऱ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारे मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर), त्यांवर नऊ व्हर्च्युअल मशीन: डोमेन कंट्रोलर (कंपनीची सामायिक लॉगिन व्यवस्था, म्हणजे डोमेन, सांभाळणारा), ईआरपी (कारखान्याच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर), एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) वगैरे. एक प्रॉक्समॉक्स होस्ट (तसाच, पण लिनक्सवरचा), त्यावर पाच लिनक्स मशीन. ही पाच आधी व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, कायमस्वरूपी परवाने बंद झाले, तेव्हा आम्ही हलवली. लॅबचा सेंटओएस ७ (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर, ज्याचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. वजनकाट्याचा विंडोज सर्व्हर २०१२ आर२, ज्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. ड्रॉइंगचा नॅस, ४.२ टीबी. धातू कापणाऱ्या वायरकट मशीनशेजारी विंडोज एक्सपीचा एक पीसी. ठाण्यात वागळे इस्टेटच्या ऑफिसात विंडोज सर्व्हर २०१६, त्यावर टॅली आणि ऑफिसच्या फाइल्स. सगळं मिळून ११ टीबीच्या आसपास.

दोन जागांमध्ये १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) लीज लाइन आहे. तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ११ एमबी जातात, म्हणजे एका टीबीला पंचवीस तास. कारखान्यातल्या गिगाबिट नेटवर्कवर तोच टीबी अडीच तासांत जातो. कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी हे आकडे तसेच राहणार, म्हणून ते फळ्यावर लिहून ठेवले.

१९ जून, गुरुवार

यादीतल्या व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअरने परवा १२.३.२ आवृत्ती काढली. सीव्हीई-२०२५-२३१२१ या क्रमांकाच्या, सुरक्षेतल्या छिद्रासाठी. बॅकअप सर्व्हर डोमेनला जोडलेला असेल, तर डोमेनचा कुठलाही साधा वापरकर्ता त्यावर स्वतःचा कोड चालवू शकत होता. गंभीरता दहापैकी ९.९.

हे वाचून व्हीम यादीतून काढायचं का, असा विचार एक तासभर केला. काढलं नाही. ज्या सॉफ्टवेअरकडे अख्ख्या कंपनीच्या चाव्या असतात त्यावर हल्लेखोरांचा डोळा असणारच. मागच्या वर्षीच्या सीव्हीई-२०२४-४०७११ चा वापर अकिरा आणि फॉग या खंडणीखोर टोळ्यांनी केलाच होता. पण एक नियम आजच पक्का केला. कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये जोडायचा नाही. वेगळा वापरकर्ता, वेगळा पासवर्ड आणि तो कागदावर.

२३ जून, सोमवार

आज संगणकाला हात लावला नाही. माणसांना भेटलो. प्रत्येकाला दोनच प्रश्न: तुमचं यंत्र बंद पडलं तर किती वेळ थांबू शकता? आणि परत मिळालेला डेटा किती जुना असला तर चालेल?

मी गृहीत धरलं होतं की ईआरपी सगळ्यात आधी लागेल. उत्पादनाच्या मॅडम म्हणाल्या, "अर्धा दिवस आम्ही कागदी जॉबकार्डावर काढतो, पूर्वी तसंच करायचो." स्टोअरच्या काकांचं उत्तर वेगळं. "काटा बंद म्हणजे गेट बंद. पाच ट्रक आले की रांग रस्त्यावर जाते, ड्रायव्हर खाली उतरून भांडायला लागतात. तासाच्या वर नाही जमणार." मी ज्या खोक्याला अडगळ समजत होतो, तो आता यादीत एक नंबरवर.

लॅबवाल्यांना कालचा डेटा चालेल, पण आठ वर्षांपूर्वीचा बॅचचा रिपोर्टही मिळाला पाहिजे, ऑडिटर मागतात. अकाउंट्सच्या मॅडमनी सीएंना फोन लावून दिला. ते म्हणाले, कंपनी लेखे नियम, २०१४ मध्ये ऑगस्ट २०२२ ला दुरुस्ती झाली. आधी हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप "ठरावीक काळाने" हवा होता, आता रोज हवा, आणि तोही भारतात असलेल्या सर्व्हरवर. हे मला माहीत नव्हतं. टॅलीचा आमचा बॅकअप आठवड्याला एकदा, पेन ड्राइव्हवर. मॅडमच्या पर्समध्ये.

आजपासून तो रोज होतोय. सध्या हाताने, पण रोज.

३० जून, सोमवार

एका विक्रेत्याचं प्रेझेंटेशन. क्लाउडवर सगळं, एकच स्क्रीन, मोबाइलवर हिरवा टिक. दीड तास बॅकअप कसा घेतला जातो ते दाखवलं. मी म्हटलं, हा माझा लॅपटॉप, ही फाइल मी उडवतो, परत आणून द्या. "सर, ते पुढच्या व्हिजिटला दाखवू." त्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून शांतपणे सांगितलं की आम्हाला तेवढंच बघायचं होतं.

आता यादीत चार सॉफ्टवेअर उरली: व्हीम, बॅरिओस, अर्बॅकअप आणि प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. अर्बॅकअप ऑफिसच्या पीसींसाठी छान आहे. हायपर-व्हीच्या आणि एसक्यूएलच्या कामात मला ते आमच्यापुरतं अपुरं वाटलं. त्यात अधिक वेळ घातला नाही.

८ जुलै, मंगळवार

गेला आठवडा बॅरिओसवर गेला आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. केर्न सिबाल्डने २००० साली सुरू केलेल्या बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरपासून हे फुटून निघालं. डायरेक्टर हुकूम देतो, स्टोरेज डीमन (डीमन म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम) डिस्कवर किंवा टेपवर लिहितो, प्रत्येक यंत्रावर फाइल डीमन. ९१०१ ते ९१०३ अशी तीन पोर्ट. कोणती फाइल कोणत्या दिवशी कुठे ठेवली याचा पूर्ण हिशोब पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. साध्या मजकुराच्या कॉन्फिग फाइल्स, म्हणजे त्या गिटमध्ये (बदलांचा इतिहास राखणाऱ्या प्रोग्राममध्ये) ठेवता येतात. माझ्या वृत्तीला हे इतकं पटलं की गुरुवारी रात्री साडेदहापर्यंत कारखान्यातच होतो.

मग विंडोज सर्व्हर पूर्ण उडवून कोऱ्या यंत्रावर उभा करायची चाचणी घेतली. झाला, पण आधी विंडोज टाका, मग फाइल डीमन, मग सिस्टिम स्टेट (विंडोजच्या सेटिंग्ज), मग बूटची दुरुस्ती. मला पाच तास लागले. शेजारी बसलेल्या ज्युनिअरला विचारलं, "उद्या मी नसताना जमेल?" तो प्रामाणिकपणे नाही म्हणाला.

बॅरिओस वगळलं. मनापासून वाईट वाटलं. लिनक्सवाली टीम असलेल्या ठिकाणी, टेप लायब्ररी असेल तर, मी अजूनही तेच सुचवीन. इथे रात्रपाळीला कारखान्यात इलेक्ट्रिशियन दादा असतात आणि कधीकधी ज्युनिअर. रिस्टोअर त्यांना जमलं पाहिजे.

१४ जुलै, सोमवार

व्हीमची ट्रायल. हायपर-व्हीची नऊ मशीन पहिल्या दुपारीच सुरू झाली. परवान्यांचं गणित मात्र कागदावर मांडूनच समजलं. एक यंत्र म्हणजे एक परवाना: हायपर-व्हीची नऊ, प्रॉक्समॉक्सची पाच, सेंटओएस, वजनकाटा, ठाण्याचा सर्व्हर. झाले सतरा. नॅसवरच्या फाइल शेअरला दर ५०० जीबीला एक परवाना लागतो, म्हणजे ४.२ टीबीला आणखी आठ. पंचवीस. परवाने पाचाच्या गठ्ठ्यात मिळतात.

ड्रॉइंग आणि प्रॉक्समॉक्स बाहेर ठेवलं तर बारा, म्हणजे पंधरा घ्यायचे आणि तीन हाताशी. सगळ्यांसाठी एकच सॉफ्टवेअर, एकच खिडकी, हे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. या आकड्यापाशी ते सोडायला सुरुवात झाली.

१७ जुलै, गुरुवार

एसक्यूएलचा घोळ. नीट लिहितो, कारण हा कुठेही होऊ शकतो.

ईआरपीच्या डेटाबेसचा रविवारी पूर्ण आणि रोज रात्री डिफरन्शियल (पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच) बॅकअप एसक्यूएल स्वतःच घेतं, जुनी व्यवस्था. ती मी बंद केली नव्हती. चाचणीसाठी बुधवारची डिफरन्शियल रविवारच्या पूर्ण बॅकअपवर चढवली तर एरर ३१३६: डेटाबेस योग्य आधीच्या अवस्थेत नाही. कारण मधे सोमवारी मी लावलेल्या इमेज बॅकअपने (अख्ख्या यंत्राची प्रत) एसक्यूएलला "पूर्ण बॅकअप झाला" असं कळवलं. त्यामुळे पुढच्या डिफरन्शियल रविवारच्या नव्हे, सोमवारच्या पायावर उभ्या राहिल्या. दोन्ही बॅकअप आपापल्या जागी यशस्वी, दोन्हींचे मेल हिरवे, आणि जुन्या साखळीतून डेटा परत येत नाही. इमेजच्या जॉबमध्ये "कॉपी ओन्ली" निवडलं की हा पाया हलत नाही. ते मी निवडलं नव्हतं.

आता निवडलंय. रविवारचा पूर्ण बॅकअप नव्याने घेतला, आजची डिफरन्शियल त्यावर चढवून बघितली. चढली.

२१ जुलै, सोमवार

वजनकाट्याची पहिली खरी चाचणी. एजंटने (यंत्रावर बसवलेल्या बॅकअपच्या छोट्या प्रोग्रामने) घेतलेली इमेज थेट हायपर-व्हीवर व्हर्च्युअल मशीन म्हणून उठवायची. २२ मिनिटांत डेस्कटॉप आला. काकांनी टेबलावर थाप मारली.

मग ट्रक काट्यावर घेतला आणि स्क्रीनवर वजन शून्य. काट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ केबलने जुन्या खोक्याच्या कॉम (सिरियल) पोर्टला जोडलेला. हायपर-व्हीत होस्टचा खरा सिरियल पोर्ट व्हर्च्युअल मशीनला देता येत नाही. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं होतं, पण ट्रक उभाच.

सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर मागवला. केबल त्यात लावायची, तो नेटवर्कवर, आणि विंडोजमध्ये त्याच्या ड्रायव्हरने नकली कॉम पोर्ट. जुन्या खोक्यावरही आत्तापासून तोच वापरायचा, म्हणजे बदलाच्या वेळी केबलला हात लावावा लागणार नाही.

२९ जुलै, मंगळवार

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. पाच लिनक्स मशीन एका दुपारी. पहिल्या फेरीनंतर फक्त बदललेले तुकडे जातात, त्यामुळे रात्रीचा जॉब मिनिटांत संपतो. ड्रॉइंगचा नॅस एका लिनक्स मशीनवर माउंट करून त्याच सर्व्हरच्या क्लायंटने फाइल पातळीवर पाठवला. पहिली रात्र अकरा तास. क्लायंटला मेटाडेटावरून बदल ओळखायला सांगितल्यावर दुसऱ्या रात्रीपासून न बदललेल्या ड्रॉइंग तो वाचत बसत नाही. आठ परवाने वाचले.

लॅबच्या सेंटओएसवर मारियाडीबी डेटाबेसमधली अर्धी टेबलं जुन्या मायआयएसएएम पद्धतीची निघाली. टेबलं खुली ठेवून, सिंगल-ट्रान्झॅक्शनने, घेतलेला डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) तिथे सुसंगत राहत नाही. रात्री दोनला लॅबमध्ये कुणी नसतं, म्हणून टेबलं कुलूपबंद करून डंप, चार मिनिटं, मग इमेज.

पोस्टग्रेसचा जुना क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) तपासला. पीजी-डंप (डंप काढणारा प्रोग्राम) आणि सर्व्हरची आवृत्ती जुळते. हे तपासायचं कारण गिटलॅब, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा डंप नुसते रिकामे निघाले, कारण ९.६ च्या सर्व्हरवर ९.२ चं पीजी-डंप चालत होतं. अपयशाचे मेल जात होते, पण ते मेल सर्व्हर नाकारत होता. सहा तास जुन्या स्नॅपशॉटवरून त्यांनी काम सावरलं, आणि सगळं जगासमोर मांडलं, म्हणून आपल्याला शिकायला मिळालं. आमच्याकडे डंप ठीक होता. अपयशाचा मेल दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर जात होता.

४ ऑगस्ट, सोमवार

कन्व्हर्टर बसवला. जुन्या खोक्यावर वजन येतंय, उठवलेल्या मशीनवरही येतंय.

एक्सपीचा पीसी: कुठलाही आधुनिक एजंट त्यावर चालणार नाही आणि चालवायची गरजही नाही. क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून पूर्ण डिस्कची इमेज, आणि तीच इमेज चढवलेली एक सुटी डिस्क कपाटात. त्यावर काही बदललं तरच पुन्हा. मात्र वायरकटचं सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय (परवान्याची किल्ली) उघडत नाही. डोंगलचा बॅकअप जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर घेत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

निर्णय. विंडोज, हायपर-व्ही आणि लॅबच्या सर्व्हरसाठी व्हीम, पंधरा परवाने. प्रॉक्समॉक्स आणि ड्रॉइंगसाठी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. एक्सपीसाठी क्लोनझिला. साहेबांनी विचारलं, "दोन-दोन कशाला?" मी पैशाचं सांगितलं, आणि दुसरंही सांगितलं: एकात जूनसारखं छिद्र निघालं तर ड्रॉइंग तरी दुसऱ्या कुलपामागे आहेत. किंमत ही की ज्युनिअरला दोन स्क्रीन शिकाव्या लागतील. मी ती मान्य केली.

कॉपी कुठे ठेवायच्या यावर जास्त वेळ गेला. पहिली रबाळ्यात, लिनक्सच्या वेगळ्या यंत्रावर, जिथे चौदा दिवस कुणालाही पुसता येणार नाही. दुसरी वागळे इस्टेटला. ठाण्याचा सर्व्हर रबाळ्याहून स्वतः ओढून घेईल. रबाळ्याकडे ठाण्याचा पासवर्डच नसेल. तिसरी क्लाउडवर, ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसता न येणारं कुलूप) लावून, फक्त हिशोब आणि ईआरपी.

क्लाउडसाठी मी आधी मुंबई रीजन (क्लाउडचे सर्व्हर असलेली जागा) लिहिलं होतं, जवळचं म्हणून. साहेबांनी आठवण करून दिली: १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. २६ जुलै २००५ लाही तिन्ही एकत्रच बुडाले. रबाळे, वागळे आणि मुंबई ही तीन नावं वेगळी, पण पाऊस आणि ग्रिड एकच. हैदराबाद रीजन घेतलं. भारतातच आहे, म्हणजे हिशोबाचा नियमही पाळला जातो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. मध्य रेल्वेची लोकल बंद. मी भांडुपला घरी अडकलो.

दुपारी साडेतीनला इलेक्ट्रिशियन दादांचा फोन. वीज दोनदा गेली-आली आणि काट्याचा खोका चालूच होत नाही. गेटवर तीन ट्रक. ज्युनिअरही पोचला नव्हता. म्हटलं, "दादा, सर्व्हर रूमच्या दारामागे लॅमिनेट केलेला कागद आहे, तो घ्या." नऊ पायऱ्या, प्रत्येकीशेजारी स्क्रीनचं चित्र. त्यांनी एकेक वाचत केलं, मी फोनवर. सहावी पायरी अडली: चित्रात बटण डावीकडे होतं, अपडेटनंतर ते उजवीकडे गेलंय. तिथे सात मिनिटं गेली.

४१ मिनिटांत पहिला ट्रक वजन करून आत गेला. परत आलेला डेटा दुपारी एकचा. मधल्या अडीच तासांत फक्त दोन गाड्या, त्यांच्या पावत्या कागदावर होत्याच. काकांनी फोन घेतला आणि म्हणाले, "आता जेवून घे."

कागदाची सहावी पायरी रात्रीच बदलली.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती, म्हणून आजच उरकलं. ठाण्याची पहिली कॉपी लाइनवरून पाठवली असती तर दाबून झालेल्या ६ टीबीला सव्वासहा दिवस लागले असते. दोन डिस्क टॉवेलात गुंडाळून गाडीने नेल्या: ऐरोली, दिघा, विटावा, कळवा, खड्ड्यांसकट दीड तास. आता लाइनवर रोजचा बदल तेवढा जातो, पहाटेपर्यंत संपतो.

कूटबद्ध बॅकअपची किल्ली कागदावर छापता येते, क्यूआरसकट. ती आणि व्हीम सर्व्हरचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, वागळेच्या तिजोरीत. पाकिटावर साहेबांची आणि अकाउंट्सच्या मॅडमची सही. मॅडमनी पर्समधला पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला.

१३ सप्टेंबर, शनिवार

ठाण्यात पूर्ण तालीम. रबाळं अस्तित्वातच नाही असं धरून. ज्युनिअर चालवणार, मी खुर्चीत हात बांधून बसणार, साहेब घड्याळ बघणार.

काटा: ३८ मिनिटं. ईआरपी: तीन तास दहा मिनिटं, ठरलेल्या अर्ध्या दिवसाच्या आत. टॅली: तासाभरात, मॅडमनी कालची शेवटची एंट्री स्वतः शोधून दाखवली. लॅबचा सेंटओएस नव्या यंत्रावर बूट होईना. बूटच्या इमेजमध्ये त्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नव्हता. रेस्क्यू मोडमध्ये ड्राकट या लिनक्सच्या साधनाने ती पुन्हा बनवल्यावर उठला, पण हे ज्युनिअरला माझ्याशिवाय जमलं नाही. त्याचा वेगळा कागद करायचाय. २०१७ च्या एका बॅचचा रिपोर्ट मागितला तो निघाला.

साहेबांनी वहीच्या पहिल्या पानावर, त्या तीन शब्दांखाली, तारीख घालून सही केली.

बाकी: मार्चच्या वजनांच्या नोंदी, काका आणि मी, उद्या. सेंटओएस लॅबमधून कायमचा हलवणं, दिवाळीनंतर. पुढची तालीम डिसेंबरमध्ये, त्या वेळी रात्रपाळीत. वायरकटच्या दुसऱ्या डोंगलसाठी मशीनच्या कंपनीला पाठवलेल्या पत्राला उत्तर आलेलं नाही, सोमवारी फोन करायचा.